वडिलांची वही आणि बीपीची गोळी

पत्र थोडक्यात : नाशिकरोडच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं हे पत्र आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांचे वडील, म्हणजे नाना, प्रेसमधून निवृत्त झालेले, वय 72, वाचनाचं भारी वेड. बरीच वर्षं बीपीची गोळी घेत होते, ती त्यांनी दिवाळीनंतर परस्पर बंद केली. का म्हणून विचारलं की एक दोनशे पानी वही पुढे करतात. वहीवर मथळा : ‘शास्त्राच्या चुका’. आत ओळीने नोंदी. अल्सर ताणाने होतो म्हणाले, तो जिवाणूने होतो निघालं. खंड जागचे हलत नाहीत म्हणाले, ते हलतात. पृथ्वीचं वय दोन ते चार कोटी वर्षं म्हणाले, ते 454 कोटी निघालं. प्रकाश वाहून नेणारं ईथर सगळीकडे भरलंय म्हणाले, नंतर ते नाहीसंच झालं. प्लूटोला ग्रह म्हणाले, मग काढून टाकला. अंडी वाईट होती, पुन्हा चांगली झाली. आणि शेवटी नानांचा सवाल : ‘उद्या ही गोळीही चुकीचीच ठरणार, मग मी आज का घेऊ?’ त्यातच आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, अणूचं मॉडेल सारखं बदलतं, मग परीक्षेत कुठलं लिहायचं?’ बाईंनी त्याला ‘पुस्तकात आहे तेवढं लिही’ म्हणून गप्प बसवलं आणि घरी येऊन त्यांनाच चुटपुट लागली. त्या विचारतात : नानांना काय उत्तर देऊ? आणि वर्गात हे जुने, चुकलेले सिद्धान्त शिकवणंच सोडून द्यावं का? पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे : ‘मधे पायांना सूज यायची म्हणून नानांनी मुक्तिधाम मंदिरापर्यंतचं फिरणं सोडलं होतं, आता पुन्हा जातात, तेवढंच समाधान.’

ताई, नमस्कार.

वादाचं मागाहून बघू. आधी या आठवड्यात नानांचं बीपी मोजा. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं आणि हात छातीच्या पातळीला टेबलावर ठेवायचा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, आठवडाभर. आकडे कागदावर लिहून ठेवा. मधल्या काळात ‘घ्या हो एक’ म्हणून जुनी गोळी आपल्या मनाने सुरू करायला लावू नका आणि डोसही वाढवू नका. इतके दिवस बंद असलेली गोळी कुठली आणि कितीने सुरू करायची, हे डॉक्टरांनीच सांगायचं. आकडा 180/120 च्या घरात किंवा वर दिसला तर आठवडा पुरा व्हायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि कधीही छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूची शक्ती गेली, बोलणं अडखळलं, तर मशीन शोधत बसू नका. 108 ला फोन करा आणि सरळ दवाखाना गाठा.

आता वहीकडे येऊ.

तुम्ही लिहिलंय, ‘विज्ञान शिकवते आणि घरात विज्ञानाची बाजू मांडता आली नाही.’ पण तुम्हाला विज्ञानाचं वकीलपत्र दिलंय कुणी? नानांची एकेक नोंद खोडून काढायची, ती खोडता आली नाही तर आपण हरलो आणि गोळीही गेली, असं तुम्ही धरून चालला आहात. माझ्या मते तिथेच घोळ आहे. वहीतल्या बहुतेक नोंदी खऱ्या आहेत. त्या मान्य करून टाका. ‘नाना, बरोबर आहे तुमचं’ एवढं म्हटलं की भांडणातली अर्धी हवा जाते, आणि मग त्या नोंदी एकाच जातीच्या आहेत का, हे दोघांना शांतपणे बघता येतं. त्या तशा अजिबात नाहीत.

प्लूटो तर या वहीत यायलाच नको होता. 2006 साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ‘ग्रह’ कुणाला म्हणायचं याची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रहांच्या यादीत गेला. तसेच आणखी गोळे पलीकडे सापडायला लागले होते, त्यामुळे काहीतरी ठरवणं भाग होतं. उद्या महापालिकेने तुमची गल्ली नाशिकरोड विभागातून काढून पूर्व विभागात टाकली, तर तुमचं घर काही हलत नाही. ईथरचीही नोंद खरी, पण तिच्यात रडण्यासारखं काही नाही. 1887 मध्ये मायकेलसन आणि मॉर्ले यांनी ते मोजायला उपकरण मांडलं, प्रकाशाच्या वेगात अपेक्षित फरक सापडला नाही, आणि पुढे आइन्स्टाइनने ईथरशिवाय भागवलं. अंड्यांचं म्हणाल, तर अमेरिकेच्या सरकारी आहारसल्ल्यात दिवसाला 300 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा असे, ती 2015 च्या सल्ल्यात वगळली. आहाराचे बरेच अभ्यास माणसं ‘मागच्या महिन्यात काय खाल्लं’ ते आठवून सांगतात त्यावर उभे असतात, त्यांचा पाया मुळातच भुसभुशीत. वर्तमानपत्रं मात्र गुरुत्वाकर्षणाची आणि अंड्यांची बातमी एकाच टायपात छापतात, आणि वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच पक्की वाटतात.

पृथ्वीच्या वयाची नोंद मला फार आवडली, कारण तिचा पुरावा तुमच्या अंगणात आहे. लॉर्ड केल्व्हिन हा भौतिकशास्त्रज्ञ काही ऐरागैरा माणूस नव्हता. तप्त गोळा निवत जाऊन आजच्या अवस्थेला यायला किती काळ लागेल, असं गणित त्याने 1862 मध्ये मांडलं आणि शेवटी 1897 मध्ये दोन ते चार कोटी वर्षांवर येऊन थांबला. बेरीज-वजाबाकी चोख होती. चुकलं होतं ते गृहीतक. पृथ्वीच्या पोटातली उष्णता घन दगडातून जाते तशी हळूहळूच बाहेर येते, असं त्याने धरलं. त्याचाच जुना साहाय्यक जॉन पेरी याने 1895 मध्ये जाहीरपणे दाखवून दिलं की आतला भाग उष्णता जास्त चांगली वाहून नेत असेल तर हे वय कितीतरी पटींनी वाढतं. पुढे किरणोत्सर्ग सापडला, खडकांचं वय थेट मोजता यायला लागलं. आपल्या भोवतालचा काळा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. म्हणजे केल्व्हिनच्या हिशेबाने पांडवलेण्यांचा डोंगर पृथ्वीहून म्हातारा! नानांना हे सांगा, ते ही नोंद वहीत ठळक करतील. करू द्या.

आणि अल्सर. ही चूक खरी आणि मोठी होती. ताण, तिखट, आम्ल यांवर वर्षानुवर्षं खापर फोडलं गेलं, लोकांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाल्या. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना पोटाच्या अस्तरात वाकडे जिवाणू दिसत होते, पण काचेच्या बशीत ते काही वाढेनात. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जिवाणू वाढलेले सापडले. तरी कुणी फारसं ऐकेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शलने ते स्वतः पिऊन पोट बिघडवून दाखवलं. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज तपासणीत तो जिवाणू निघाला तर काही दिवसांच्या अँटिबायोटिकने बहुतेकांचा अल्सर बरा होतो. (दुखण्याच्या गोळ्या बेसुमार घेतल्यानेही अल्सर होतो, म्हणजे जिवाणूवरही सगळं ढकलून चालत नाही.) आता नानांना एवढंच विचारा, की ही चूक पकडली कुणी? मोजणाऱ्यांनी, तपासणाऱ्यांनीच. वहीतल्या सगळ्या नोंदींना हे लागू आहे. नानांची वही भरलीच मुळात त्या लोकांच्या कामातून, ज्यांच्यावर त्यांचा विश्वास उडालाय.

मी तुमच्या जागी असते तर वहीत आणखी दोन रकाने आखायला सांगितले असते. पहिला : ही चूक कुणी आणि कशी पकडली? दुसरा : जुन्यातलं काय टिकलं? हा दुसरा रकाना भरताना नानांची खरी करमणूक होईल. कारण चुकलेल्या सिद्धान्ताचं सगळंच टाकाऊ नसतं. उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे असं मानून सादी कार्नोने 1824 मध्ये वाफेच्या इंजिनाची कमाल क्षमता काढली. द्रव गेला, पण त्याचा निष्कर्ष अभियांत्रिकीची मुलं आजही घोकतात. दुर्गंधीने रोगराई पसरते, ही समजूत चुकीची होती, पण त्या समजुतीपायी लंडनने मोठ्या गटारी बांधल्या आणि पटकी हटली.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर भिंतीवरचं पंचांग घ्या. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचला. पृथ्वी मध्ये आणि ग्रह तिच्याभोवती, अशा जुन्या पद्धतीचंच ते गणित, पण इतकं सुटसुटीत की महाराष्ट्रातली पंचांगं पुढची तीन-साडेतीन शतकं त्यावर चालली. काळाबरोबर बारीक बारीक फरक साचत गेला आणि एकोणिसाव्या शतकात पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांचं जमेना. तेव्हा केरो लक्ष्मण छत्र्यांनी नव्या वेधांवरून पंचांग काढलं, पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवी गणितं बसवली, लोकमान्य टिळकांनी त्या सुधारणेचा पाठपुरावा केला, आणि जुनं की नवं यावर आपल्या लोकांनी यथेच्छ भांडून घेतलं. एकादशी चुकेल म्हणून कुणी पंचांग बघणं सोडलं नाही. ते दुरुस्त केलं. आणि गंमत म्हणजे पृथ्वी केंद्रात नाही हे पुरतं ठाऊक असूनही सिंहस्थ मात्र ‘गुरू सिंहेत आला’ असंच म्हणून भरतो. गुरूला राशिचक्र पुरं करायला 11.86 वर्षं लागतात, आणि रामकुंडावर उभं राहून तो कुठे दिसतो हे सांगायला जुनीच भाषा सोयीची पडते.

इथवर नानांना सगळं पटेलही. पण ते हुशार आहेत. ते म्हणतील, ‘चूक सापडेपर्यंत जे मेले त्यांचं काय?’ या प्रश्नाला उडवून लावू नका. तो रास्त आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा घाण आणि कोंदट घरं यांवर सगळा रोख होता. घरं कार्बॉलिक या जंतुनाशकाने धुतली, माणसांना घरातून बाहेर काढलं. पुण्यात त्या जुलमातून पुढे काय घडलं ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने 1898 मध्ये कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो. त्याचं म्हणणं बाजूला सारलं गेलं. नव्या प्लेग आयोगाने मुंबईत प्रयोग करून तेच सिद्ध करेपर्यंत जवळपास दहा वर्षं गेली. ती वर्षं फुकट नव्हती, त्यांची किंमत माणसांनी मोजली. विज्ञान स्वतःला सुधारतं हे खरं, पण ते कधी कधी फार रेंगाळत सुधारतं आणि मोठ्या खुर्चीतली माणसं मध्ये आडवी येतात. हे तुम्ही कबूल केलंत तर नानांना निदान वाटेल की समोरचं माणूस पढवलेलं बोलत नाही.

मात्र त्याच गोष्टीचा दुसरा तुकडाही सांगा. वाल्डेमार हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. तेव्हा पिसवेचं कुणालाच माहीत नव्हतं. अर्धवट ज्ञानावर उभी असलेली ती लसही पुष्कळांना वाचवून गेली. ‘सगळं कळेपर्यंत थांबतो’ म्हणणाऱ्यासाठी प्लेग थांबला नसता.

आता बीपीकडे. इथे नानांच्या वहीत एक मोठी नोंद राहून गेली आहे, आणि ती सगळ्यांत मजेदार आहे.

बीपी वाढलं तर ते खाली आणू नये, हाच एके काळी मान्यवर वैद्यकीय विचार होता. वयानुसार रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे मेंदूला आणि मूत्रपिंडाला पुरेसं रक्त पोचवायला हृदय मुद्दाम जोर लावतं. तो जोर कमी केलात तर अवयव उपाशी राहतील, असा तो हिशेब. ऐकायला किती समजूतदार वाटतो! अमेरिकेतले नामांकित हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी 1931 मध्ये याच अर्थाचं लिहिलं होतं, की वाढलेला दाब ही शरीराने केलेली भरपाई असू शकते, ती कमी करता आली तरी तिच्यात ढवळाढवळ करू नये. तशी औषधंही तेव्हा धड नव्हती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी वर्षानुवर्षं चढत गेलं. जगातले उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असलेला हा माणूस. 12 एप्रिल 1945 ला चित्रकारासमोर बसलेले असताना डोकं भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्या वेळी मोजलेलं बीपी 300/190 होतं. वय 63.

मग चित्र पालटलं, आणि त्यात आपल्या मुंबईचाही हात आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा बीपीवर होणारा परिणाम रुग्णांवर तपासून 1949 मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. सर्पगंधेतून निघालेलं औषध पुढे जगभर वापरलं गेलं. त्याने काहींना नैराश्य येतं असं दिसल्यावर आणि बरी औषधं आल्यावर ते मागे पडलं. पण बीपी कमी केल्याने माणूस खरंच वाचतो का? त्याचा निकाल 1967 मध्ये लागला. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये 143 पुरुष घेतले. सगळ्यांचा खालचा आकडा 115 ते 129. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला काय मिळतंय ते रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. रिकाम्या गोळीच्या गटात गंभीर गुंतागुंतीचे प्रसंग 27 झाले. औषधाच्या गटात 2. भरपाईचा सिद्धान्त या आकड्यांपुढे टिकला नाही. 1970 मध्ये त्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात मध्यम बीपीवाल्यांनाही फायदा दिसला.

म्हणजे ‘गोळी कशाला, शरीराचं शरीर बघून घेईल’ हीच ती चुकीची ठरलेली थिअरी. नाना वहीत सगळ्या खोट्या निघालेल्या कल्पना लिहितात आणि आचरणात त्यातलीच एक पाळतात. हे वाक्य तुमच्या जिभेवर येईल, मला माहीत आहे; ते गिळा. रूझवेल्टची गोष्ट तेवढी सांगा आणि नोंद त्यांनाच करू द्या. वाचणारा माणूस आहे, जोडणी त्याची तो करेल.

उद्या यात काही बदलेल का? बदलेलच. कुठल्या आकड्यापासून बीपी म्हणायचं, हेच बदलत आलं आहे. 2017 मध्ये अमेरिकेतल्या संस्थांनी ती रेघ 140/90 वरून 130/80 वर आणली. एके काळी पहिल्या पसंतीचं असलेलं अटेनोलॉल आता केवळ बीपीसाठी सहसा पहिलं देत नाहीत. औषधं बदलतील, डोस बदलतील, आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण बेसुमार वाढलेल्या बीपीने पक्षाघात होतो, हे उद्या उलटं निघण्याची शक्यता मला तरी दिसत नाही. रक्त अंगात फिरतं हे 1628 मध्ये हार्वेने दाखवलं, ते काही कुणी पुन्हा थांबवलेलं नाही.

एवढं सगळं लिहून आता असं म्हणते, की हा सगळा वाद कदाचित मुद्द्याचा नसेलच.

पत्रातली शेवटची ओळ पुन्हा वाचा. पायांना सूज यायची म्हणून फिरणं बंद होतं. गोळी बंद झाल्यानंतर नाना पुन्हा मुक्तिधामपर्यंत जातात. गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पण अ‍ॅम्लोडिपिन नावाची, आपल्याकडे घरोघरी चालणारी बीपीची गोळी आहे, तिने काहींच्या घोट्यांना सूज येते, विशेषतः डोस जास्त असला की. दुसऱ्या काहींनी कोरडा खोकला लागतो, काहींनी रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं. हे कुठल्याही डॉक्टरला ठाऊक असतं, पण बहात्तरीतला माणूस ते आपणहून सांगेलच असं नाही. पाय सुजतात म्हणून गोळी टाकली, असं म्हणण्यात कुरकुर केल्यासारखं वाटतं. शास्त्रावर विश्वास नाही म्हणून टाकली, असं म्हणण्यात रुबाब आहे. सूज गोळीचीच आहे असा निदानाचा शिक्का मी इथून मारणार नाही, ती हृदयाची किंवा मूत्रपिंडाचीही असू शकते, आणि म्हणूनच तर डॉक्टरांना सांगायला हवी. तेव्हा वही मिटलेली असताना, चहा घेताना, सरळ विचारा : ‘नाना, त्या गोळीने त्रास व्हायचा का हो काही?’ आणि मग मध्ये न बोलता ऐका. दवाखान्यात जाताना आठवड्याचे आकडे, गोळ्यांची जुनी पाकिटं आणि ‘पाय सुजायचे’ हे शब्द, तिन्ही बरोबर न्या. डोस कमी करणं, गोळी बदलणं, जोडीला दुसरी देणं, डॉक्टरांपाशी पुष्कळ वाटा असतात. जुन्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं नव्हतं अशी नानांची तक्रार असेल तर दुसऱ्यांकडे जा, त्यात कमीपणा नाही.

अशा वह्या बऱ्याच घरांत आहेत. कुणाची वही मोबाइलमध्ये असते, कुणाच्या मावशीने थायरॉइडची गोळी सोडलेली असते, कुणी मुलाची लस पुढे ढकलत बसलेलं असतं. ‘ते तर सारखं बदलतं’ हे वाक्य कानावर आलं की बदललं काय ते आधी विचारावं : नुसतं नाव बदललं, आकडा सरकला, की मुळाचं गृहीतकच कोसळलं? तिन्हींना ‘चूक’ म्हणतात आणि तिथेच माणूस फसतो. आणि ज्या कारणाने माणूस औषध सोडतो आणि जे कारण सांगतो, ती दोन असू शकतात, एवढं ध्यानात ठेवावं.

राहिला वर्ग. चुकलेले सिद्धान्त गाळू नका, ताई. ते गाळलेत तर मुलांना उरतो फक्त निकाल, आणि नुसते निकाल पाठ केलेलं मूल मोठेपणी पहिल्याच उलट बातमीला नानांची वही उघडतं. त्यापेक्षा एका शनिवारी वर्ग पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर घेऊन जा. लेण्यांत हातोडी-छिन्नी न्यायची नाही, ते संरक्षित स्मारक आहे; वाटेवरचा दगड नुसता बघायचा. लांबून डोंगराला आडवे थर दिसतात, एकावर एक. अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतले मोठे शिक्षक आब्राहम वेर्नर शिकवत, की बेसाल्ट, म्हणजे हाच काळा दगड, आद्य समुद्राच्या पाण्यातून खाली बसून तयार झाला. थर बघितल्यावर मुलंही हेच म्हणतील, म्हणू द्या. मग त्यांना दगडाला नाक लावायला सांगा. वाटाण्याएवढी, कुठे सुपारीएवढी भोकं दिसतील, काहींत पांढरे स्फटिक भरलेले. वितळलेल्या रसात वायूचे बुडबुडे अडकतात आणि मग त्या पोकळीत झिओलाइट नावाची खनिजं साचतात. तळाशी बसलेल्या गाळात असे बुडबुडे कुठून येणार? फ्रान्समध्ये निकोला देमारे 1763 मध्ये अशाच काळ्या दगडाचा माग काढत काढत जुन्या ज्वालामुखीपर्यंत गेला होता. वेर्नर खुळा नव्हता, हेही सांगा. जमलं तर परतताना सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात न्या, पोकळीत वाढलेले स्फटिक किती मोठे होतात ते तिथे दिसतं.

आणि त्या मुलाला सोमवारी उभं करा, सगळ्यांसमोर सांगा की प्रश्न चांगला होता. परीक्षेत प्रश्नात ज्याचं नाव असेल त्याचं मॉडेल लिहायचं, हे तर सांगाच, त्याला मार्कही हवेत. पण फळ्यावर थॉमसनची आकृती काढा, धन प्रभाराचा गोळा आणि त्यात खोचलेले इलेक्ट्रॉन, आणि विचारा : यावर अल्फा कण, म्हणजे किरणोत्सर्गातून सुटणारे वेगवान धन कण, सोडले तर काय व्हायला हवं? मुलं म्हणतील, सरळ पार जातील. मग 1909 मध्ये गायगर आणि मार्सडेन यांना सोन्याच्या पत्र्यावर काय दिसलं ते सांगा : बहुतेक गेले, पण थोडे उलट माघारी आले. पुढचं मॉडेल कसं असायला हवं ते सांगू नका. वही-पेन्सिल द्या आणि पंधरा मिनिटं मुलांनाच काढू द्या. कुणी रदरफोर्डसारखं, मध्ये एवढासा केंद्रक आणि भोवती इलेक्ट्रॉन असं, काढेल, कुणी भलतंच काढेल. त्या भलत्याला तेवढं लगेच लाल पेनाने खोडू नका, तास संपेपर्यंत फळ्यावर राहू द्या.